टाकीचं झाकण कोण उघडतं? सीमाभागातल्या पेट्रोल पंपमालकांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतले सर्व पेट्रोल पंपमालक

सप्रेम नमस्कार.

"मामा, चार्ट कुठला बघू?"

एका पोरानं मला रात्री दीड वाजता विचारलेल्या या प्रश्नापासून सुरुवात करतो. जुलै महिना होता. पाऊस असा की हायवेपलीकडचा ढाबा दिसत नव्हता. डिझेलचा टँकर येऊन उभा होता. पोरगं खानापूरकडचं, कामाला लागून अकरा दिवस झालेलं. त्यानं टाकीत डिप मारली, म्हणजे मोजायची काठी सोडली, काठीवरची ओली खूण बॅटरीच्या उजेडात बघितली, सेंटिमीटर बरोबर वाचले. आत आला तर भिंतीवर सेंटिमीटरवरून लिटर काढायचे दोन तक्ते. एक वीस हजार लिटरच्या टाकीचा, दुसरा पंधरा हजारच्या. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही सारख्याच प्लास्टिकमध्ये घातलेले, दोन्हींवर माशांचे सारखेच डाग. त्यानं विचारलं, म्हणून बरं झालं.

त्याच्या आधीच्या पोरानं विचारलं नव्हतं. पंधरा हजारच्या टाकीत साडेसात हजारांची जागा असताना त्यानं दुसरा तक्ता बघितला, दहा हजारांची जागा आहे असं समजला आणि टँकरचे चार-चार हजारांचे दोन कप्पे सोडायला सांगितले. ड्रायव्हर धावत जाऊन वॉल्व्ह बंद करेपर्यंत टाकीच्या तोंडावरचं चेंबर भरून डिझेल पावसाच्या पाण्यावर तरंगत गटारीला लागलं. डिझेल होतं म्हणून निभावलं. समोर ढाब्याची भट्टी पेटलेली होती.

मी पंपावर सत्तावीस वर्षं काढली. आधी नोझलवर, मग कॅशवर, शेवटची पंधरा वर्षं मॅनेजर. कुठल्या पंपावर ते लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांबरोबर माझं चहापाणी झालेलं आहे, तेव्हा थोडं परखड लिहिलं तर मनावर घेऊ नका. घेतलंत तरी चालेल म्हणा.

आपल्या भागाची एक गोष्ट वेगळी आहे. मधली काही वर्षं डिझेल कर्नाटकात स्वस्त, महाराष्ट्रात महाग होतं. त्यामुळं पुण्या-मुंबईकडं जाणारा ट्रकवाला सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडायच्या आधी टाकी फुल्ल करायचा आणि कोल्हापूरची गाडी इकडं आली की परतताना भरून जायची. तुमच्या बोर्डावर मराठीत काय लिहिलेलं असायचं ते मी सांगायला नको. धंदा वाढला याचा आनंदच आहे. पण खप दुप्पट झाला की टँकरही दुप्पट येतात, म्हणजे जमिनीतल्या टाकीचं झाकण दुप्पट वेळा उघडतं, आणि त्यातलं निम्मं रात्री. ते झाकण उघडणारा माणूस मात्र तोच, तीन महिन्यांपूर्वी आलेला आणि दिवाळीनंतर कदाचित नसणारा.

नोझलवरच्या पोराला पाच लिटरचं माप बरोबर येतं. पंचवीस मिलिलिटरची सूट कुठल्या बाजूला किती, हे तो झोपेतही सांगेल, कारण गिऱ्हाईक त्यावरून भांडतं, वजनमापवाले येतात, कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करतं. पेट्रोल शुद्ध आहे का बघायला फिल्टर पेपर मागणारंही एखादं गिऱ्हाईक भेटतं. टाकीबद्दल भांडायला कुणी येत नाही. ती जमिनीखाली आहे, दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचं शिक्षण आपण त्या पोराच्या नशिबावर सोडलेलं आहे. माझा सगळा राग यावर आहे.

कायदा काय म्हणतो ते बघा. २००२ च्या पेट्रोलियम नियमांत लिहिलंय की पंपावरची सगळी कामं अनुभवी, जबाबदार आणि परवान्याच्या अटी माहीत असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला पाहिजेत. वाक्य चांगलं आहे. आता तुमच्या केबिनमध्ये जा आणि फ्रेम करून लावलेला तो परवाना बघा. अटी इंग्रजीत आहेत, अक्षर मुंगीएवढं आहे, आणि फ्रेमसमोर बहुतेक ठिकाणी हार घातलेला देवाचा फोटो टेकवलेला आहे. रात्री दोन वाजता तुम्ही घरी झोपलेले असता, मॅनेजर खुर्चीत पेंगत असतो. अशा वेळी 'अटी माहीत असलेला माणूस' कोण, त्याचं नाव मला सांगा.

याच नियमांनी तेलाला वर्ग दिलेत. तेवीस अंशांच्या आत ज्याची वाफ पेट घेते ते 'अ', म्हणजे आपलं पेट्रोल. तेवीस ते पासष्टमध्ये 'ब', त्यात डिझेल. त्यावर 'क'. कुठल्या वर्गाला किती अंतर, कसली टाकी, वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाईप किती उंच, सगळं ठरवून दिलंय. अमेरिकेत मात्र हाच अ-ब-क त्यांनी माणसांना लावला, हे वाचलं तेव्हा मी चाटच पडलो. तिथं २००५ च्या एका कायद्यानं राज्यांना भाग पाडलं की जमिनीतल्या टाक्या सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण द्यायलाच पाहिजे. 'अ' म्हणजे एकूण जबाबदारी ज्याच्या डोक्यावर तो, आपल्या भाषेत मालक किंवा त्याचा प्रतिनिधी. 'ब' म्हणजे टाकीची रोजची देखभाल बघणारा. 'क' म्हणजे गडबड झाली की पहिला धावणारा, आपला नोझलवरचा पोरगा. 'अ' आणि 'ब' यांना काम हाती घेतल्यापासून तीस दिवसांत शिकून घ्यायचं. 'क'ला मात्र तीस दिवस नाहीत, त्याला कामाला उभं करायच्या आधी शिकवायचं. सगळ्यात खालच्या माणसासाठी नियम सगळ्यात कडक! आपल्याकडं बरोबर याच्या उलटं असतं. वर, टाकी नियमात बसत नाही असं तपासणीत आढळलं तर 'अ' आणि 'ब' यांना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवतात. त्यांना हे शहाणपण फुकट आलेलं नाही. गळक्या टाक्यांच्या पाच लाखांहून जास्त नोंदी त्या देशात झाल्या, विहिरी आणि भूजल खराब झालं, ते साफ करण्यात अफाट पैसा गेला. तिकडचं सगळं इकडं आणा असं मी म्हणत नाही. तेलाला वर्ग आहेत तसे आपल्या पंपावर माणसालाही द्या, एवढंच म्हणतो.

कंपन्या प्रशिक्षण देतात की, असं तुम्ही म्हणाल. देतात. मी दहा-बारा बघितलीत. विक्री अधिकारी येतात, हॉटेलच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लागतो, गिऱ्हाइकाला हसून नमस्कार कसा करावा, गणवेश कसा असावा, कार्ड कसं खपवावं हे शिकवतात, शेवटी पनीरची भाजी. आगीवर पंधरा मिनिटं असतात, ती बहुतेक जेवणाआधीची. तिथं जाणारे असतात मालक आणि मॅनेजर, कारण पंप बंद ठेवून पोरं पाठवता येत नाहीत. म्हणजे झाकण उघडणारा माणूस त्या हॉलमध्ये नसतोच.

त्याला काय शिकवायचं? मी शिकवत आलो ते सांगतो.

आधी काठी. टाकी आडवी, गोल, पिंपासारखी असते. दोन मीटर व्यासाची वीस हजार लिटरची टाकी धरा. मध्यावर काठीचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ सव्वाशे लिटर, आणि तळापासून दहा सेंटिमीटरवर तोच एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास-पंचावन्न लिटर. पोरांना हे पटत नाही. मी एक रिकामी पाण्याची बाटली आडवी धरून त्यात थोडं थोडं पाणी ओतून दाखवतो, मग पटतं. एकदा पटलं की काठी तिरकी धरायची नाही, आपटायची नाही, दोनदा मारायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. सेंटिमीटर चुकला की सव्वाशे लिटर चुकले, हे त्याला आतून कळलेलं असतं.

मग वाफ. बारा हजार लिटर पेट्रोल टाकीत उतरतं तेव्हा आतली तेवढीच वाफेनं भरलेली हवा बाहेर पडते. कुठून? व्हेंट पाईपातून. म्हणून तो पाईप निदान चार मीटर उंच हवा आणि त्याच्या तोंडाला जाळी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर जात नाही. वारं पडलेल्या कुंद रात्री ती खाली उतरून पाण्यासारखी उतारानं वाहते, दिसत मात्र नाही. चेंबरपासून वीस फुटांवर कुणी बिडी पेटवली आणि आग चेंबरपर्यंत आली, तर त्यात जादू काही नाही. २००९ साली जयपूरच्या तेल डेपोत गळालेल्या पेट्रोलच्या वाफेचा ढगच पेटला, माणसं गेली आणि आग कित्येक दिवस जळत राहिली. तो डेपो होता, प्रमाण वेगळं, वाफ तीच. पोराला एवढं समजलं की ठिणगी पडू नये म्हणून टँकरला असलेली अर्थिंगची क्लिप कशाला लावायची हे त्याला कळतं, आणि ती रंगावर किंवा गंजावर न लावता उघड्या धातूवर का लावायची हेही कळतं. माझ्या बघण्यात दहापैकी सहा टँकरना क्लिप रंगावरच लागलेली असायची. लावली म्हणून लावली.

टँकर आला की लगेच उघडायचा नाही, थोडा वेळ शांत उभा राहू द्यायचा. इंजिन बंद, चाकाला अडण, आगीची नळकांडी हाताशी, त्या टाकीची विक्री बंद, सील बघ, चलन बघ, डेन्सिटी घे, चलनावरच्या आकड्याशी तीनपेक्षा जास्त फरक असेल तर माल घेऊ नको. ही सगळी गाणी पोरं पाठ करतात. पाठ करू देत. गाण्याचा अर्थ सांगितला तर ती पावसातही म्हणतात, एवढाच माझा अनुभव.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथं आपला भाग इतरांपेक्षा निराळा आहे. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला माहीत आहे. चेंबर पाण्यानं भरतं. पोरगं पाणी न उपसता झाकण फिरवतं आणि बादलीभर पाणी सरळ टाकीत जातं. गॅस्केट झिजलेलं असेल तर झाकण न उघडताही जातं. पूर्वी हे पाणी निमूट तळाशी बसायचं, पेस्ट लावली की काठीवर रंग बदलून दिसायचं, काढून टाकता यायचं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते इथेनॉल कुठून येतं हे बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. ऊस आपलाच, कारखाने आपलेच. पण इथेनॉलला पाणी आवडतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, तुम्हाला काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलमधून फुटतात आणि खाली बसतात. पंपाची नळी टाकीच्या तळाजवळूनच ओढते. मग सकाळी सात वाजता एकामागून एक मोटारसायकली पाचशे मीटरवर जाऊन बंद पडतात आणि दूधवाला परत येऊन तुमच्या कॉलरला हात घालतो. जुन्या पेस्टवर हे मिश्रण नीट दिसत नाही, इथेनॉलच्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट मिळते. ती किती पंपांवर आहे? मी गेल्या पावसाळ्यात सहज चार ठिकाणी विचारलं. तिघांनी विचारलं, "वेगळी असते काय?"

गळतीचंही तसंच. रोजच्या हिशेबात वाढ-घट येतेच. पेट्रोल तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं. दहा हजार लिटरमध्ये एका अंशाला साधारण बारा लिटरचा फरक पडतो. दुपारी तापून आलेला माल जमिनीतल्या गार टाकीत उतरला की 'कमी' दिसणारच. याच घटीच्या आडोशाला गळती लपून बसते. सेकंदाला एक थेंब म्हणजे वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. ते महिन्याच्या हिशेबात सहज 'उन्हाळ्याची घट' म्हणून खपतं. निपाणी-चिकोडीच्या काळ्या जमिनीत पावसात माती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाईपांचे सांधे दोन्हीकडून ओढले जातात. खानापूरच्या तांबड्या, सच्छिद्र जांभ्यातून सांडलेलं तेल खाली जायला वेळ लागत नाही, आणि तिथं अजून घराघराला विहीर आहे. रोज त्याच वेळी डिप घ्या, वाढ-घट वहीत ओळीनं लिहा, आणि सलग घटच येत राहिली तर 'असू दे' म्हणू नका, एवढं पोराला शिकवायला एक दुपार पुरते. टाकीवर लक्ष ठेवणाऱ्या ऑटोमेशनचा अलार्म वाजला की पहिल्यांदा कारण शोधायचं आणि मग बटण दाबायचं, हेही त्याच दुपारी. आपल्याकडं क्रम उलटा आहे.

पुराचं एक सांगतो, कारण २०१९ आणि २०२१ या दोन्ही साली यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. पूर येणार म्हटलं की मालकाचं पहिलं वाक्य असतं, "टँकर मागवू नको, माल वाया जाईल." रिकामी टाकी म्हणजे जमिनीत पुरलेली होडी. वीस हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली तर पाणी तिला वीस टनांनी वर ढकलतं, आणि तिचं स्वतःचं वजन त्यापुढं काहीच नाही. वरची माती आणि पट्टे धरून ठेवतील तोवर धरतील. सुटली तर पाईप तोडून वर येते. म्हणून पुराआधी टाकी भरून ठेवायची, फिलपाईप आणि डिप पाईपची झाकणं घट्ट आवळायची, व्हेंटचं तोंड पाण्याच्या वर राहील ना ते बघायचं, डिस्पेन्सरची वीज तोडायची. पाणी ओसरलं की पेस्ट लावून बघितल्याशिवाय एक लिटरसुद्धा विकायचं नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या पंपांवर हे भिंतीवर रंगवून ठेवायला हवं.

आता माझ्या स्वतःच्या पापाचं.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही टाकी धुवायला काढली. ठेकेदाराचा माणूस आला, बनियन, हाफ पँट, हातात बादली आणि जुनी साडी. झाकण उघडून तासभर हवा खाऊ दिली आणि त्याला उतरवलं. दोर माझ्या हातात होता. पाच-सात मिनिटांनी आतून बोलणं बंद झालं. शेजारचा पोरगा "मी जातो" म्हणून पाय आत सोडणार, तेवढ्यात त्याला मी दंडाला धरून ओढला, ते कसं सुचलं अजून कळत नाही. तिघांनी दोर ओढून त्या माणसाला वर काढला. जगला तो. दोन दिवस दवाखान्यात, नंतर आमच्याकडं पुन्हा आला नाही. कुठल्याही वहीत याची ओळ नाही, कारण लिहिणारा मीच होतो आणि मी लिहिली नाही.

माझी चूक कुठं झाली हे नंतर शिकलो. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का झाली की पेटू शकते आणि साडेसात-आठ टक्क्यांच्या वर गेली की हवा कमी पडून पेटत नाही. बंद टाकीत हे प्रमाण बहुतेक वेळा त्या आठ टक्क्यांच्याही वर असतं. झाकण उघडून 'हवा खाऊ दिली' की ते कमी होत नेमकं त्या मधल्या, पेटणाऱ्या पट्ट्यात येतं. म्हणजे तासभर आम्ही टाकी सुरक्षित केली नव्हती, बॉम्ब तयार केला होता. माणसाला श्वास घ्यायला ऑक्सिजन किती आहे हेही नाकानं कळत नाही. म्हणूनच सक्षम व्यक्तीनं गॅस तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय कुणालाही टाकीत उतरू द्यायचं नाही, असं नियम सांगतात. मला तो नियम तेव्हा माहीत नव्हता. परवाना भिंतीवर होता.

याच नियमांत अठरा वर्षांखालच्याला आणि दारू प्यायलेल्याला या कामावर ठेवायचं नाही असंही आहे. सुट्टीत 'मदतीला' येणारा दहावीचा भाचा त्यात बसतो. असो.

भाषेचं राहिलं. हे सीमाप्रश्नाचं पत्र नाही. १९५६ पासून जे चाललंय ते चालू दे, दिल्लीत २००४ पासून दावा पडून आहे तो पडू दे. टँकर रात्री दोनला येतो, तो निकालाची वाट बघत नाही. माझ्याकडं खानापूरची मराठी पोरं होती, गोकाकची कानडी होती, एक विजापूरचा होता जो दोन्ही मिसळून बोलायचा आणि रागावला की उर्दू. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. टाकी, काठी, वाफ, झाकण हे शब्द सगळ्यांना कळायचे, 'व्हेपर' (वाफ) आणि 'अलेज' (टाकीतली रिकामी जागा) कुणालाच नाही. विजेच्या डीपीवर कवटीखाली कानडीत 'अपाय' लिहिलेलं असतं, तो शब्द मराठी पोरगाही वाचतो आणि हात मागं घेतो. दोन भाषांत शिकवणं इतकं सोपं आहे आपल्याकडं. नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्य कार्यालय तर नागपुरात आहे! तिथून परवान्याच्या अटींचा एक मराठी आणि एक कन्नड कागद मागवायला आपल्या डीलर संघटनांना काय हरकत आहे? मागितला तर मिळेलच असं नाही, पण अजून कुणी मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

तेव्हा माझं मागणं असं आहे. प्रत्येक पंपानं तीन नावं लिहून भिंतीवर लावावीत: टाकीची जबाबदारी कुणाची, रोज डिप आणि वही कोण बघतो, आणि गडबड झाली तर त्या पाळीत पहिला कोण धावणार. तिसरं नाव प्रत्येक पाळीला बदलेल, म्हणून ते खडूनं लिहा. ज्याचं नाव त्या भिंतीवर नाही त्यानं झाकणाला हात लावायचा नाही, मग टँकरचा ड्रायव्हर कितीही ओरडू दे. आणि नाव लिहिण्याआधी त्या माणसाला त्याच्या भाषेत, चेंबरपाशी उभं करून शिकवायचं आणि तोंडी विचारायचं. लेखी परीक्षा नको; सहावी शिकलेला माझा एक पोरगा वास घेऊन सांगायचा की गॅस्केट गेलंय, त्याला पेपरात मी नापास केला असता. कारखान्यांच्या आणि बस डेपोंच्या आवारात ज्यांच्या स्वतःच्या डिझेलच्या टाक्या आहेत, त्यांनीही हे वाचावं. त्यांच्याकडं तर भांडायला गिऱ्हाईकही नाही.

तुमचं उत्तर मला माहीत आहे: "पोरं टिकत नाहीत, शिकवून काय उपयोग?" बरोबर आहे, टिकत नाहीत, बारा तासांना जो पगार आपण देतो त्यात मीसुद्धा टिकलो नसतो. पण पोरं टिकत नाहीत याचा अर्थ तुमच्या टाकीपाशी कायम नवा माणूस उभा आहे. दर तीन महिन्यांनी नवा नोकर ठेवणाऱ्या मालकाला शिकवणीची गरज जास्त की कमी? शिवाय एका पंपावर शिकून दुसऱ्यावर गेला तर तो गेला कुठं, सात किलोमीटरवर, तुमच्याच मेव्हण्याच्या पंपावर.

मी आता रिकामाच आहे. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे. पैसे नकोत. संकेश्वरपासून कोगनोळीपर्यंत कुठंही बोलवा, येतो. खानापूरला एसटीनं यायला वेळ लागेल एवढंच. कानडी पोरांसाठी माझा एक जुना सहकारी बरोबर येईल. मात्र टँकर येणार असेल त्याच दिवशी बोलवा, आणि रात्री येणार असेल तर रात्री. काठी तुमची, पेस्ट मी आणतो.

आपला,
एक निवृत्त पंप मॅनेजर,
निपाणी

ता. क. तोवर ते दोन तक्ते तरी दोन वेगळ्या रंगांत रंगवून घ्या, आणि ज्या टाकीचा तक्ता त्याच रंगाचा पट्टा तिच्या झाकणावर मारा. दीडशे रुपयांचा रंग लागतो आणि कुणाची परवानगी लागत नाही.